बिनगुलालाची सरपंच

कडूबाई अकरा मतांनी निवडून आली आणि सिदूला आधी आठवला तो गुलाल.

गेवराईला मोजणीच्या आवारात, एका खिडकीखाली दोघे उभे होते. आतून नाव पुकारलं गेलं तशी कडूबाईने नवऱ्याचा दंड धरून त्याला गदागदा हलवला.

"आवं, ऐकलं का? आलो आपण! अकरानं आलो!"

"ऐकलं की," सिदू म्हणाला. "पंप हाय ना तुझ्याजवळ?"

"पंप घाला खड्ड्यात! सरपंच झाले मी!"

सिदूने मुंडाशाला हात लावून पाहिलं. श्वासाचा एक जादा पंप तो नेहमी मुंडाशाच्या घडीत खोचून ठेवी. तो जागेवर होता. पण आज एका पंपाने भागणार नव्हतं, कारण गावाच्या वेशीत त्यांच्या बाजूचा म्होरक्या लखन सहा पोती गुलाल घेऊन उभा होता.

कडूबाईला वीस वर्षांपासून दमा. मेंढ्या राखणाऱ्या माणसाची बायको, आणि तिला मेंढीची लोकर चालत नाही. लोकर कातरायची असली की सिदू कळप अर्धा कोस लांब नेई आणि घरी येताना अंगणाबाहेर कपडे झटकून, अंघोळ करून मगच उंबरा ओलांडी. ज्वारीच्या मळणीचा भुसा, शेजारणीची मिरचीची फोडणी, माजलगावकडच्या उसाच्या पाचटाचा धूर, भजनातली उदबत्ती, यातलं कधी काय कुठल्या वाऱ्याने येईल हे त्याला पाठ झालं होतं. चिमूटभर माती उचलून वर सोडायची आणि ती कुठे पडते ते बघायचं, ही त्याची सवय. त्यात तो सहसा चुकत नसे. बाकी सगळ्या बाबतींत आपण चुकणारच, असं त्याला मनापासून वाटे.

खरं तर कडूबाई सरपंच झाली तीही दम्यामुळेच. कळपामागे जाता येत नाही, चुलीपुढे बसता येत नाही, मग ती ग्रामपंचायतीच्या ओसरीवर जाऊन बसे. तिथे फरशी होती आणि ती रोज ओल्या फडक्याने पुसत. पंधरा वर्षं तिथे बसून तिने गावाचा सगळा कारभार ऐकला. कुठल्या नळाला पाणी का नाही, कोणाचं घरकुल कुठे अडलंय, हे ग्रामसेवकसुद्धा तिला विचारू लागला. बाईची जागा निघाली तेव्हा लोकच म्हणाले, हिलाच उभी करा.

गेल्या वर्षी लखनचा मेव्हणा सोसायटीत निवडून आला, तेव्हा कोणीतरी कौतुकाने कडूबाईवर मूठभर गुलाल टाकला होता. दोन दिवस ती दवाखान्यात प्राणवायूवर होती. डॉक्टर रोहिणीताईंनी सिदूला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मामा, धूळ-धूर सांभाळताय ते ठीक आहे. पण गुलाल म्हणजे धोका. शेजारच्या गल्लीत उडाला तरी यांना घरात घ्यायचं आणि दार लावायचं. पुढच्या वेळी उशीर झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही." हे वाक्य सिदूच्या छातीत रुतून बसलं होतं. आणि कडूबाई आज मोतिया रंगाची कोरी साडी नेसून आली होती. गुलाल उठून दिसावा म्हणून.

"आपण मिरवणूक करायची न्हाई," सिदू चाचरत म्हणाला.

"काय?"

"रोहिणीताई काय म्हणल्या ते इसरलीस का?"

कडूबाईचा चेहरा पडला. तिने पदराच्या टोकाला पीळ दिला. "आवं, मिरवणूक न्हाई तर गाव मानायचं न्हाई."

"मानंल की. कागद हाय ना! सही-शिक्क्याचा."

"कागद कोण वाचतंय? गाव अंगावरचा गुलाल बघतंय." मग हळूच म्हणाली, "एक चिमूट?"

"न्हाई."

"नुसती कपाळाला?"

"कडू, तुज्याबिगर त्या सरपंचकीचं मी काय करू?"

कडूबाईने पदराचा पीळ सोडला.

समोरच्या पक्षाने फेरमोजणी मागितली. पुन्हा अकराच मतं भरली. विरोधी उमेदवार सुंदरबाई यांचा मुलगा विजयसिंह कोणाशी न बोलता बाहेर आला, खिशातला फोन बंद केला आणि मोटारसायकलवर बसून गावाकडे न जाता माजलगावच्या रस्त्याला लागला. सिदूने ते पाहिलं. बिचाऱ्याला घरी तोंड दाखवायची लाज वाटत असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि विषय तिथेच संपला. तो तिथे संपायला नको होता.

सिदूने लखनला फोन लावला.

"लखन, फेरमोजणीत बी आपणच. अकरानं."

पलीकडून अशी आरोळी आली की सिदूने फोन कानापासून लांब धरला. "भाऊ! जेसीबीच्या तोंडात दोन पोती भरून ठिवलीत! वैनीला आणा लवकर!"

"आरं, त्येच म्हणतोय. गुलाल जरा..."

"कमी पडंल का? आणखी मागवू?"

"न्हाई न्हाई! हिला दमा हाय रे."

"वैनीला कळायच्या आत टाकतो, भाऊ!"

सिदूने फोन ठेवला. लखनला नाही म्हणणं आजवर गावात कोणाला जमलं नव्हतं, ते त्याला कुठून जमायला! तो आवाराबाहेर गेला, चिमूटभर माती उचलून वर सोडली. माती मावळतीकडे गेली. वारा उगवतीचा होता. सिदूच्या डोळ्यांत चमक आली.

"लखन मावळतीच्या वेशीत हाय," तो कडूबाईला म्हणाला. "तिथं त्यानं सहा काय, साठ पोती उधळली तरी वारा ती गावाभायेर नेणार. आपण उगवतीकडून शिरू, तलवाड्याच्या वाटंनं. घरी जाऊ, दार लावू. तू माडीच्या खिडकीतून हात जोड. गाव खूश, लखन खूश, तू जित्ती."

वीस वर्षांत सिदू सलग एवढं कधी बोलला नव्हता. कडूबाई त्याच्याकडे बघतच राहिली.

परमेश्वरची जीप ठरवली होती. परमेश्वर हा कडूबाईचा भाचा, गाडी चालवताना सतत हसणारा माणूस. सिदूने जीपच्या काचा वर घेतल्या, फटींत ओली फडकी कोंबली, कडूबाईच्या तोंडाला पांढरी पट्टी बांधली. पुढच्या सीटवर स्वतः बसला तो असा, की जणू अस्थी घेऊन पैठणला निघालाय.

"मामा, जिकलोय आपण," परमेश्वर म्हणाला. "जरा हसा की."

"घरी गेल्यावर हसतो."

उगवतीच्या बाजूने गावात शिरताना पहिलं घर लागतं ते सुंदरबाईंचं. सिदूला हे माहीत होतं. पण हरलेल्या माणसाच्या दारात सामसूम असते हेही त्याला माहीत होतं, म्हणून त्याने त्याचा विचारच केला नव्हता. वळण घेऊन जीप पुढे आली आणि परमेश्वरने कचकन ब्रेक दाबला.

दारात मांडव होता. पाच चुलाणांवर कढया होत्या. डीजे होता. आणि रस्त्याच्या मधोमध, आपलं भलंमोठं तोंड जमिनीला टेकवून, दुसरा जेसीबी उभा होता. त्याच्या तोंडात शीग लागेपर्यंत गुलाल होता.

त्याचं असं झालं होतं, की फेरमोजणी मागितल्याचं गावात कळलं होतं आणि पुढे विजयसिंहाचा फोनच लागत नव्हता. सुंदरबाईंचे दीर विठ्ठलराव सकाळपासून तयारीनिशी बसले होते. आता समोरून कडूबाईची जीप येत होती. गपचूप, मागच्या वाटेने, काचा लावून. आत पांढरी साडी, तोंडाला पांढरं फडकं, आणि सिदूचा तो चेहरा. आणखी काय सांगायला हवं होतं?

"आला!" विठ्ठलराव खुर्चीवरून उठले. "गुलाल आपला आला! वाजव रे!"

डीजेने छाती हादरवली. जेसीबीचं तोंड हळूहळू जमिनीवरून उचललं जाऊ लागलं. सिदूने काच दोन बोटं खाली केली.

"आण्णा! आण्णा, थांबा! आमी आलोय!"

"दिसतंय की आलाव ते!"

"तसं न्हाई! निवडून आलोय! अकरानं!"

विठ्ठलरावांनी हात वर करून डीजे बंद करायला लावला. जीपभोवती एक फेरी मारली. चाकांकडे, टपाकडे, कडूबाईच्या साडीकडे पाहिलं.

"तुमी निवडून आलाव?"

"व्हय."

"मंग गुलाल कुठंय?"

"न्हाई लावला."

"न्हाई लावला!" मांडवात हशा पिकला. "आरं, साधा मेंबर झाला तरी माणूस दोन दिस कान धूत न्हाई, आन् हे सरपंच होऊन कोरे करकरीत! कावून फसवतो बे म्हाताऱ्याला?"

"कागद हाय आण्णा! बघा, सही-शिक्का..."

"चष्मा घरात हाय माजा. उचल रे!"

मागच्या सीटवर कडूबाई पट्टीआडून जीव तोडून ओरडत होती, पण बाहेर फक्त तिचे हलणारे खांदे दिसत होते. "रडू नको म्हणावं तिला," विठ्ठलराव कनवाळूपणे म्हणाले. "व्हतंय असं."

जेसीबीचं तोंड जीपच्या टपाइतकं वर आलं. कडेचा थोडा गुलाल भुरभुरला. सिदूला रोहिणीताईंचं वाक्य ऐकू आलं, शब्दन् शब्द. आणि आयुष्यात ज्याने कधी कोणापुढे आवाज चढवला नव्हता, तो सिदू काचेच्या फटीला तोंड लावून बेंबीच्या देठापासून ओरडला,

"हरलो! आण्णा, आमी हरलो! पार आडवं झालो! आमाला जाऊ द्या, मंग टाका!"

विठ्ठलरावांचा चेहरा निवळला.

"असं सरळ बोलावं माणसानं," ते म्हणाले. मग जेसीबीवाल्याला ओरडले, "थांब रे! पडलेल्याच्या अंगावर गुलाल टाकायची आपली रीत न्हाई. आदी त्यांला वाट द्या!"

इतक्या चांगल्या रीतीचे लोक आपल्याविरुद्ध उभे होते याचं सिदूला फार वाईट वाटलं. सुंदरबाई स्वतः जीपजवळ आल्या. सत्तरीची, उंचीपुरी बाई, गळ्यात झेंडूचा हार. काचेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "कडू, मनाला लावून घेऊ नको गं बाई. सांच्याला जेवाया ये. बुंदी हाय."

कडूबाईचे डोळे पट्टीच्या वर असे पेटले होते, की सुंदरबाई दोन पावलं मागे सरल्या.

जीप पुढे गेली. शंभर पावलांवर मागे एकच गलका झाला आणि सिदूने मागे वळून पाहिलं. सबंध आकाश लाल झालं होतं. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की वारा उगवतीचा आहे. आपला गुलाल गावाबाहेर नेणारा हाच वारा समोरच्यांचा गुलाल गावात आणणार होता. आपल्या पाठोपाठ.

"परमेश्वर, दाब!"

परमेश्वरने हसणं थांबवलं आणि जीप दाबली. लाल ढग गल्लीच्या दोन्ही भिंती घासत मागून येत होता. कडूबाईचं घर आलं आणि गेलं. थांबून दार उघडायला वेळ नव्हता. पार गेला, शाळा गेली, आणि समोर मावळतीची वेस आली. वेशीत लखन, दोनशे माणसं, हलगीवाले आणि पहिला जेसीबी.

सिदूने डोळे मिटले. पुढे सहा पोती आणि मागे तो ढग, आता काही राहिलं नव्हतं.

पण काहीच पडलं नाही. त्याने डोळे उघडले. लखन जीपकडे बघतच नव्हता. तो जीपच्या मागे, गावावर उठलेला लाल ढग बघत होता.

"आयला," तो म्हणाला. "गुलाल तर तिकडं उडाला!"

"मंग सिदूभाऊ अकरा म्हणलता ते?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"सिदूभाऊचं काय घेऊन बसलास? त्यो मेंढरं बी दोनदा मोजतो! झाका रे पोती! घे बे मागं तो जेसीबी, लाज काढतो का?"

ताडपत्री पडली. हलग्या गप झाल्या. दोनशे माणसांनी मान खाली घालून जीपला वाट करून दिली.

"उजवीकडं!" सिदू ओरडला. "वाऱ्याला आडवं! माळावर घे!"

माळावर सिदूचा कळप बसला होता. कळपापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जीप थांबली. कडूबाई खाली उतरली. पंपाचे दोन फवारे घेतले, दहापर्यंत मोजलं, श्वास सोडला. छातीत घरघर नव्हती. साडीवर एक कण नव्हता. सिदूने आकाशाकडे बघून हात जोडले.

"हरलो म्हणला तुमी," कडूबाई म्हणाली.

"आगं, जेसीबी वर..."

"मी सरपंच हाय. आन् तुमी म्हणला, पार आडवं झालो."

खाली गावात डीजे पुन्हा सुरू झाला होता. वारा आडवा असूनही त्याचे धक्के माळापर्यंत येत होते. कडूबाई दगडावर बसली, मांडीवर तो सही-शिक्क्याचा कागद ठेवला आणि त्यावर हात फिरवत राहिली. ती रडली असती तर सिदूला बरं वाटलं असतं. आपण बायकोचा श्वास वाचवला की तिची पाच वर्षं घालवली, हे त्याला कळेना.

दिवस मावळायला परमेश्वर भाकरी आणायला गावात गेला आणि बुंदी घेऊन आला.

"मामा, लई गंमत! विजयसिंह आलते. दारात पाय ठिवला न्हाई तर लोकांनी खांद्यावर घेतलं. ते म्हणायला लागले, आरं आपण हरलो, तोंड उघडलं की तोंडात गुलाल! डीजेपुढं ऐकतंय कोण? शेवटी आईच्या कानात सांगितलं."

"मग? सुंदरबाई काय म्हणल्या?" कडूबाईने विचारलं.

"म्हणल्या, 'पंगत उठू दे. लोकांच्या तोंडातला घास काढायचा न्हाई. सकाळी बघू.'"

कडूबाईने बुंदीचा एक घास घेतला.

सकाळी ग्रामपंचायतीपुढे अख्खं गाव लोटलं. सिदूने रात्रीच धुऊन काढलेल्या ओसरीवर कडूबाई कागद घेऊन उभी होती. लखन आता पुन्हा जोरात होता. विठ्ठलराव म्हणत होते, "कागद छापायला काय लागतंय? गुलाल कुणाचा उडाला ते गावानं बघितलंय!" लोक दोन्हीकडे माना हलवत होते. कडूबाईने हातातल्या कागदाकडे पाहिलं. काल तीच म्हणाली होती, कागद कोण वाचतंय.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. सुंदरबाई आल्या. तीनदा न्हाल्या होत्या तरी पांढरे केस गुलाबी ते गुलाबीच होते. ओसरीच्या पायरीशी त्या थांबल्या. वर चढल्या नाहीत.

"सिदू, माज्या केसांतलं उडायचं का रे हिच्या नाकात?"

सिदूने माती सोडून पाहिली. "तुमी तितंच थांबा, आत्याबाई. वारा तुमच्याकडं हाय."

"मंग तो कागद दे हिकडं."

सुंदरबाई साठीनंतर पोथीसाठी अक्षर ओळखायला शिकल्या होत्या. कमरेचा चष्मा काढून त्यांनी कागद लांब धरला आणि पोथी वाचावी तशा ठणठणीत आवाजात, बोट ठेवून ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तारीख वाचली, तालुका वाचला, खालचा शिक्का गोल आहे हेही सांगितलं. "कडूबाई सिदू गावडे, सरपंच," हे मात्र दोनदा वाचलं.

"ऐकलं का भावजी?" त्यांनी विठ्ठलरावांकडे पाहिलं. "सरपंच ही हाय. गुलाल माज्या अंगावर पडला, मिरवणूक माजी झाली, ती मी काई माघारी देणार न्हाई. पर काम हिनं करायचं."

मग त्यांनी पदराआडून एक वाटी काढली. तेलात कालवलेलं कुंकू होतं. "ह्ये उडत न्हाई," त्या म्हणाल्या, "लेकाला इचारून आले, चालतंय का म्हणून. त्यानं रोहिणीताईला फोन लावला."

वाटी सिदूकडे आली. त्याने बोट बुडवून पाहिलं, फुंकर मारून पाहिली, आणि मग कडूबाईच्या कपाळाला ओला टिळा लावला. आता मात्र ती रडली.

तेव्हापासून गावात जी वाटणी झाली ती कोणी लिहून ठेवलेली नाही. मिटिंगा, अर्ज, भांडणं कडूबाईकडे. जिथे उदबत्ती, भंडारा, फटाके किंवा गुलाल आहे तिथे सुंदरबाई. लखनची सहा पोतीही हळूहळू त्यांच्याच अंगावर संपली.

पाण्याच्या टाकीचं उद्घाटन झालं त्या दिवशी तालुक्याहून एक नवे साहेब आले होते. नारळ फुटला, गुलाल उडाला, फटाक्यांची माळ लागली. साहेबांनी हार उचलला आणि डोक्यापासून पायापर्यंत लाल झालेल्या सुंदरबाईंच्या गळ्यात घालायला गेले.

"अभिनंदन, सरपंचताई!"

सुंदरबाईंनी हात आडवा धरला. पन्नास पावलांवर, चिंचेखाली, स्वच्छ साडीतली एक बाई खुर्चीवर बसून कसलासा अर्ज वाचत होती आणि शेजारी एक मुंडासेवाला माणूस चिमटीतून माती सोडत होता.

"सरपंच तिकडं हायत, साहेब," त्या म्हणाल्या. "वाऱ्याच्या वरच्या अंगाला. पर आदी कपडे झटका. तो माणूस तसं जाऊ देत न्हाई."